नेट चालू असतानाचे बिघाड

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत नेट गेलं की दोन प्रश्न हमखास निघतात. "लाइट आहे का?" आणि "रस्त्यावर कुठं जेसीबी लावलाय का?" दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. फायबर गावात आल्यापासून भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यावर लुकलुकणारा 'एलओएस' नावाचा लाल दिवा शाळकरी पोरांच्याही ओळखीचा झाला आहे. तो लागला म्हणजे काचेच्या तारेतून येणारा प्रकाश बंद झाला, एवढं सगळ्यांना कळतं. पण लाइटच गेली असेल, तर तो लाल दिवाही लागत नाही. दोन्ही वेळा गावात नेट नसतं, आणि तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या तंत्रज्ञाला पडद्यावर दिसतं ते एकच: अमुक गावाचा डबा बोलायचा थांबला.

मग माणूस पाठवायचा का? फायबर तुटली असेल तर जोडणीचं यंत्र घेऊन गाडी काढावी लागते. लाइट गेली असेल तर गाडी काढून उपयोग नाही, वीज येण्याची वाट बघायची. हा निवाडा करायची सोय त्या डब्यातच असते. तिचं नाव 'डाइंग गॅस्प', म्हणजे अखेरचा श्वास. वीज गेल्याचं जाणवताच डबा आतल्या कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता जिवंत राहतो, आणि तेवढ्यात 'माझी वीज गेली' हा एकच निरोप वर धाडतो. निरोप देऊन डबा गप्प झाला तर लाइट गेलेली. निरोप न देताच गप्प झाला तर बहुधा फायबर तुटलेली. गावोगावची ही फायबर ज्या 'जीपॉन' तंत्रावर चालते, त्यात तालुक्याच्या यंत्रापासून गावच्या डब्यापर्यंत वीसेक किलोमीटर अंतर असू शकतं. एका ओळीच्या निरोपानं डोळखांब किंवा टोकावड्याच्या बाजूची एक फुकटची फेरी वाचते.

नेटवर्कमधलं जवळजवळ प्रत्येक यंत्र असं सतत काहीतरी सांगत असतं. ऐकणारं कोणी असतं की नाही, हा वेगळा प्रश्न.

यांतलं सर्वांत दुर्लक्षित यंत्र म्हणजे कार्यालयातला स्विच. ग्रामपंचायतीत, शाळेच्या संगणक कक्षात, पतसंस्थेत टेबलाखाली किंवा कपाटावर धूळ खात पडलेला पाच, आठ किंवा चोवीस पोर्टचा डबा. संगणक, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, वायफायचा डबा या सगळ्यांच्या वायरी त्यात येऊन मिळतात. एका पोर्टवर आलेला माहितीचा तुकडा, ज्याला फ्रेम म्हणतात, त्यावरचा पत्ता वाचायचा आणि तो नेमक्या दुसऱ्या पोर्टवर सोडायचा, एवढंच त्याचं काम. हे काम तो सेकंदाला लाखो वेळा करतो. बाजारात हजार-दीड हजारात मिळणारा साधा स्विच हे काम मुकाट्यानं करतो आणि विसरून जातो. थोडे जास्त पैसे मोजून घेतलेला 'मॅनेज्ड' स्विच काम करता करता तीन गोष्टी ठेवतो: प्रत्येक पोर्टवरून किती रहदारी गेली याचे आकडे, काही बिनसलं तर द्यायचा इशारा, आणि काय कधी घडलं याची नोंद.

भातसानगरच्या माणसाला हे तीन प्रकार वेगळे समजावून सांगायला नकोत. भातसा धरणाच्या कामाबरोबर वसलेली ही वसाहत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा मिळून उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, त्यातला ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा, एकट्या भातसाचा. तो किती भरला हे मुंबई महापालिका रोज सकाळी सहाच्या मोजणीवरून जाहीर करते. हा झाला आकडा. दरवाजे उघडायची वेळ आली की नदीकाठच्या गावांना सावध केलं जातं, तो इशारा. आणि कोणता दरवाजा कधी, किती उघडला हे तारीखवेळेसह लिहून ठेवणं ही नोंद. तिघांची कामं वेगळी. आकडा रोज लागतो, इशारा क्वचित, आणि नोंद बहुतेक वेळा नंतर, कोणी जाब विचारल्यावर.

या तिन्हींची खरी गरज नेट गेल्यावर नसते. नेट गेलं की गावच ओरडतं, त्यासाठी स्विचनं वेगळं सांगायची गरज नाही. गरज असते ती नेट व्यवस्थित चालू असताना.

गावच्या फायबरचंच घ्या. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींना फायबरनं जोडायची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. सुरुवातीच्या रचनेत तालुक्याकडून गावाकडे फायबरची एकच वाट होती. मधे कुठं जेसीबीचा दात लागला की पुढची गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली, तिच्यात ही वाट कड्यासारखी गोल करायचं ठरलं. म्हणजे एका बाजूनं तुटलं तर रहदारी उलट्या बाजूनं फिरून येईल. रचना उत्तमच आहे. पण तिच्यात एक मेख आहे. कडं एका जागी तुटलं तर गावाला काहीच कळत नाही. सातबारा निघतो, रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन चालतं, तक्रार येत नाही. कड्याचं आता कडं उरलेलं नाही, पुन्हा एकच वाट झाली आहे, हे फक्त त्या वाटेवरच्या यंत्रांना ठाऊक असतं. त्यांनी दिलेला इशारा कोणी वाचला नाही, तर दुसऱ्यांदा जेसीबी लागेल तेव्हा सगळं एकदम बंद पडेल, आणि लोक म्हणतील, "एवढे पैसे घालून उपयोग काय?"

हे कल्पनेतलं नाही. शहापूरच्या शेजारीच, भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापासून कळव्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाहिन्यांवर असंच घडलं. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांना जनरेटरवर यावं लागलं. पण बिघाड त्या क्षणी सुरू झाला नव्हता. पुणे-खारघर ही ४०० केव्हीची वाहिनी आधीच बंद होती. कळवा-पडघा दरम्यानच्या दोन मंडलांपैकी, म्हणजे सर्किटांपैकी, एक पहाटे गेलं. मुंबईला यातलं काहीच जाणवलं नाही, कारण वीज येतच होती. कळवा-पडघाचं दुसरं मंडलही गेलं आणि भार पेलायला वाटच उरली नाही. शहराला बाकीच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर तगवणारी 'आयलँडिंग' योजनाही त्या दिवशी टिकली नाही.

विजेचं जाळं आणि माहितीचं जाळं यांत फरक पुष्कळ आहेत, पण पर्यायी वाट ठेवली की पहिला बिघाड झाकला जातो, ही खोड दोघांची सारखीच.

आता आकड्यांकडे. मॅनेज्ड स्विच प्रत्येक पोर्टसाठी काही मोजक ठेवतो: किती बाइट आले, किती गेले, किती फ्रेम चुकीच्या आल्या, किती टाकून द्याव्या लागल्या. हे मोजक स्कूटरच्या किलोमीटर-मीटरवाणी नुसते वाढत जातात, वेग सांगत नाहीत. दोनदा वाचून वजाबाकी करून मधल्या वेळानं भागलं की वेग मिळतो. दुरून ही वाचनं मागवायची पद्धत १९८८ मध्ये ठरली, तिचं नाव एसएनएमपी. आजही जगभरातले बहुतेक स्विच तीच भाषा बोलतात.

वजाबाकी करताना फसायच्या दोन जागा आहेत. जुन्या मोजकांत ३२ बिटांची जागा असे, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर यायचं. १०० मेगाबिटची वायर पूर्ण भरून वाहिली तर एवढे बाइट पावणेसहा मिनिटांत होतात. एक गिगाबिटची वायर असेल तर ३४ सेकंदांत. दर पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला मधे मोजक आठ वेळा शून्यावर येऊन गेला हे कळणारच नाही, आणि तुडुंब भरलेली वायर त्याला निवांत दिसेल. म्हणून ६४ बिटांचे मोजक आले. गिगाबिटच्या वेगानं ते भरायला साडेचार हजारांहून जास्त वर्षं लागतील. दोन्ही प्रकारचे मोजक आजच्या स्विचमध्ये शेजारी शेजारी असतात, आणि देखरेखीचं सॉफ्टवेअर बसवताना कोणी चुकून जुना निवडला तर आलेख सुंदर आणि खोटा निघतो.

दुसरी फसगत सरासरीची. १०० मेगाबिटचं पोर्ट दहा सेकंद काठोकाठ भरलं आणि उरलेली दोनशे नव्वद सेकंद रिकामं राहिलं, तर पाच मिनिटांची सरासरी निघते साधारण तीन टक्के. त्या दहा सेकंदांत दाखल्याचा अर्ज भरणाऱ्याचं पान अडकलेलं असतं, आणि पडद्यावर बघणारा म्हणतो, "लाइन तर मोकळी आहे." दोघंही खरं बोलत असतात.

पाच मिनिटांची ही प्रथा आली कुठून? १९९४-९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात टोबियास ओटिकर नावाचा तरुण काम करत होता. तिथं बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ किलोबिटची लाइन होती, आणि ती कितपत भरली आहे हे सगळ्यांनाच हवं होतं. ओटिकरनं दर पाच मिनिटांनी मोजक वाचून आलेख काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला आणि तो एमआरटीजी या नावानं फुकट वाटला. हिरव्या-निळ्या रंगाचे त्याचे आलेख पुढची कित्येक वर्षं जगभरच्या इंटरनेट कंपन्यांच्या भिंतींवर झळकत होते. आज खेड्यातल्या घरात त्या लाइनीच्या शेकडो पट वेगाचं नेट येतं, पण मोजायची पाच मिनिटांची सवय अनेक ठिकाणी तशीच आहे.

आकड्यांतले सर्वांत बोलके असतात ते चुकांचे. फ्रेम पाठवणारा शेवटी चार बाइटांची पडताळणी जोडतो. घेणारा तोच हिशेब पुन्हा करतो, आणि जुळला नाही तर फ्रेम निमूट फेकून देतो. 'पुन्हा पाठव' असं स्विच म्हणत नाही. ते दोन्ही टोकांच्या संगणकांना उशिरा कळतं आणि मग ते पुन्हा पाठवतात. म्हणून खराब वायरीनं नेट बंद पडत नाही, नुसतं रखडतं. माणूस कंपनीला शिव्या घालतो, मोबाइलवर वेग तपासतो, आणि खरा गुन्हेगार असतो दाराच्या फटीत चेपलेली चार फुटांची वायर. पडताळणीच्या चुकांचा आकडा शून्याला चिकटून नसेल आणि रोज वाढत असेल, तर वायर, तिचं टोक किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी बदलायला झालेलं असतं. मात्र 'टाकून दिलेल्या' फ्रेमचा आकडा वाढत असेल तर दोष वायरीचा नसतो. फ्रेम चांगल्या होत्या, पुढे सोडायला जागा नव्हती. तिथं नवी वायर आणून काही होणार नाही, रुंद वाट लागेल किंवा कॅमेऱ्याचं चित्रण दुसरीकडून वळवावं लागेल. हे दोन आकडे वेगळे वाचता आले तरी दुरुस्तीचे निम्मे पैसे वाचावेत.

फायबरच्या बाबतीत असाच बोलका आकडा प्रकाशाचा. गावच्या डब्याला चालायला फार थोडा प्रकाश पुरतो. जीपॉनच्या नेहमीच्या प्रकारात तो उणे २७ डीबीएमपर्यंत खाली गेला तरी चालतं, म्हणजे वॉटच्या एक लाखाव्या भागापेक्षाही कितीतरी कमी, सुमारे दोन मायक्रोवॉट. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो. जूनमध्ये उणे १९ असलेला आकडा ऑगस्टमध्ये उणे २५ झाला, तर गावात नेट तसंच चालत असतं, पण कुठल्या तरी जोडावर पाणी शिरलं आहे किंवा फायबर आवळली गेली आहे हे उघड आहे. आणखी दोन डीबी, की लाल दिवा. या दोन महिन्यांत हा आकडा कोणी एकदा जरी पाहिला, तर काम उघडीप बघून करता येतं, भर पावसात चिखलात उभं राहून नाही.

आकडे एकाच टोकाचे पाहून भागत नाही. वायरीच्या एका टोकाला जेवढ्या फ्रेम गेल्या, तेवढ्या दुसऱ्या टोकाला आल्या का, हा ताळा सर्वांत जुना आणि सर्वांत दुर्लक्षित. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं प्रकरण या ताळ्याचं महत्त्व दाखवतं, जरी तिथला 'स्विच' वेगळा होता. एटीएमची विनंती बँकेच्या मूळ प्रणालीकडे नेणाऱ्या यंत्रणेलाही स्विच म्हणतात. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरट्यांनी तिच्या जागी आपली बनावट यंत्रणा उभी केली. विनंत्या मूळ प्रणालीपर्यंत पोचतच नव्हत्या, मधल्या मधे 'मंजूर' होत होत्या. काही तासांत २८ देशांतून सुमारे १२ हजार व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतात आणखी अडीच कोटी. दोन दिवसांनी स्विफ्टच्या मार्गानं १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. बाहेरच्या बाजूला हजारो मंजुऱ्या आणि आतल्या बाजूला शांतता. दोन्ही टोकांचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले असते, तर ही तफावत लपली नसती.

इशाऱ्यांची अडचण उलटी आहे. आकडे कोणी बघत नाही, इशारे मात्र इतके येतात की बघवत नाहीत.

एखाद्या पोर्टची वायर सैल असेल तर ते दिवसातून शेकडो वेळा चालू-बंद होतं, आणि दर वेळी एक इशारा निघतो. पहिल्या आठवड्यात माणूस धावत जातो, दुसऱ्या आठवड्यात आवाज बंद करतो. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. त्यांच्या यंत्रणेनं धोक्याचा इशारा दिला होता. बंगळुरूमधून देखरेख करणाऱ्या पथकानं तो मिनीआपोलिसच्या मुख्यालयाला कळवलाही होता. तिथं पुढे काही झालं नाही. अशा बातम्या वाचून यंत्रणा कुचकामी होती असं म्हणायची घाई होते. प्रत्यक्षात यंत्रणेनं तिचं काम चोख केलं होतं.

इशारे कमी करायचा जुना पण उत्तम उपाय १९९१ मध्ये आलेल्या आरमॉन या पद्धतीत आहे. पोर्ट ८० टक्के भरलं की इशारा द्यायचा, पण पुढचा इशारा ते आधी ७० टक्क्यांच्या खाली उतरल्याशिवाय द्यायचा नाही. दोन वेगळे उंबरठे ठेवल्यानं ७९ आणि ८१ च्या मधे हेलकावणाऱ्या पोर्टची बडबड थांबते. हे आकडे मात्र पुस्तकातून घ्यायचे नसतात. शाळेच्या स्विचवर सकाळी अकराला ६० टक्के ही नेहमीची गोष्ट असेल, पण रात्री दोनला २० टक्के असतील तर कोण काय उतरवून घेतंय ते बघायला हवं. नेहमीचा दिवस कसा दिसतो हे ज्यानं पाहून ठेवलं नाही, त्याला वेगळा दिवस ओळखता येत नाही.

इशाऱ्यांत आणखी एक गंमत आहे. 'माझी वाट तुटली' हा निरोप स्विच ज्या वाटेनं पाठवणार, ती वाटच तुटलेली असते. शिवाय एसएनएमपीचे इशारे सहसा पोच न मागता पाठवले जातात, मधे हरवले तर कोणाला कळत नाही. त्यामुळे इशारा आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही. ठरावीक वेळानं आपण होऊन विचारपूस करावीच लागते.

एक बिघाड असा आहे की त्यात सगळेच इशारे एकदम येतात. शाळेत कोणीतरी टेबलाखाली लोंबणारं वायरीचं टोक दिसलं म्हणून नीटनेटकेपणानं स्विचमध्ये खुपसतो, आणि त्या वायरीचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं. झालं. सगळ्यांसाठी असलेली एखादी फ्रेम त्या वर्तुळात फिरायला लागते. तिच्यावर आयुष्याची मर्यादा लिहिलेली नसते, त्यामुळे ती कधीच मरत नाही, उलट दर फेरीला वाढत जाते. काही क्षणांत सगळे दिवे एका लयीत लुकलुकू लागतात आणि सगळं ठप्प होतं. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये अशी वर्तुळं ओळखून तोडणारा स्पॅनिंग ट्री हा उपाय काढला. मॅनेज्ड स्विचमध्ये तो असतो, स्वस्तातल्या डब्यात बहुधा नसतो. आणि असला तरी मोठ्या जाळ्यात तो बिघडू शकतो. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस या नामांकित रुग्णालयाचं जाळं यातच कोलमडलं, आणि डॉक्टर-परिचारिकांना काही दिवस कागद-पेनावर काम करावं लागलं. 'सगळ्यांसाठी' असलेल्या फ्रेमचा वेगळा मोजक स्विचमध्ये असतो. तो अचानक उसळला तर कुठल्या पोर्टवर वर्तुळ झालं आहे हे मिनिटभरात सापडतं.

उरली नोंद. बर्कलीच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात एरिक ऑलमननं आपल्या ईमेलच्या प्रोग्रामसाठी सिसलॉग नावाची नोंदवही तयार केली. ती इतरांनीही उचलली आणि तिचे नियम औपचारिकपणे लिहायला २००१ साल उजाडलं. प्रत्येक नोंदीला शून्य ते सातपैकी एक क्रमांक असतो. शून्य म्हणजे यंत्रणा बंद पडली, तीन म्हणजे चूक, सहा म्हणजे नुसती माहिती, सात म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यासाठीचा तपशील. आकडा जितका लहान तितकं प्रकरण गंभीर. ही उलटी चाल लक्षात ठेवली की लॉग वाचणं फारसं अवघड राहत नाही.

अवघड असतं ते लॉग टिकवणं. सिस्कोच्या अनेक कॅटॅलिस्ट स्विचमध्ये नोंदींसाठी मुळात ४,०९६ बाइट जागा असते. एक ओळ ऐंशी-शंभर अक्षरांची धरली तर चाळीस-पन्नास ओळी. मग जुन्या ओळी पुसून नव्या येतात. शिवाय ही जागा तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की पाटी कोरी. आणि आपल्याकडे बिघाडावरचा पहिला उपाय कोणता? "बंद करून चालू करा." त्यानं नेट येतं हे खरं, पण ते का गेलं होतं याचा एकमेव पुरावाही त्याच झटक्यात जातो. पुढच्या आठवड्यात तेच घडतं, आणि पुन्हा तोच उपाय.

नोंद राहिली तरी तिच्यावरची वेळ बरोबर असेलच असं नाही. अनेक स्विचमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. सिस्कोचे जुने स्विच वीज आल्यावर १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. दिवसातून दोनदा लाइट जाणाऱ्या गावात असा स्विच कायम १९९३ च्या मार्चमध्ये राहतो. काहींचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर असतं, तिथं भारतीय वेळ साडेपाच तास पुढे धरावी लागते. यावरचा इलाज डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेला एनटीपी: यंत्रानं नेटवरूनच खात्रीच्या घड्याळाला वेळ विचारून घ्यायची. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं याबाबत निर्देशच काढले. कंपन्या, सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची, लॉग १८० दिवस सांभाळायचे आणि सायबर घटना सहा तासांच्या आत कळवायची.

लॉग नसले की काय होतं, ते ढाक्यात दिसलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपीन्समार्गे गायब झाले. पोलीस तपासात निघालं, की जगभरच्या बँकांशी जोडलेले संगणक तिथं दहा डॉलरच्या जुन्या, वापरलेल्या स्विचवर जोडलेले होते आणि फायरवॉलही नव्हती. चोर कुठून कुठे गेले हे सांगणारी नोंद त्या स्विचकडून मिळण्याची सोयच नव्हती. तपास त्यामुळे अवघड झाला.

मुंबईच्या त्या अंधाराबद्दलही पुढे एकमत झालं नाही. मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर पोलिसांच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं, की वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ ट्रोजन शिरले असावेत आणि परदेशी सर्व्हरवरून आठ जीबी बेहिशेबी माहिती आली असावी. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांचं म्हणणं वेगळं होतं: वीज गेली ती मानवी चुकीमुळे. एकाच सकाळबद्दल पाच महिन्यांनी दोन सरकारं दोन गोष्टी सांगत होती. अशा वादात राजकारण कितीही असो, निकाल द्यायला उपयोगी पडतात त्या फक्त त्या दिवशीच्या, बरोबर वेळेच्या आणि कोणाला पुसता न येणाऱ्या नोंदी.

गावपातळीवर यातलं काय जमेल? बरंच काही. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कपाटात काही वेळा आधीच एखादा मॅनेज्ड स्विच असतो, त्याच्या या सोयी कोणी चालू केलेल्या नसतात एवढंच. त्याचं घड्याळ एनटीपीला जोडून घ्यायचं. लॉग त्याच्या पोटात न ठेवता कार्यालयातल्या एखाद्या जुन्या संगणकावर पाठवायचे, त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एसएनएमपीचा परवलीचा शब्द कारखान्यातून 'पब्लिक' असा येतो आणि जगातल्या प्रत्येक चोराला तो पाठ असतो, तो बदलायचा, जमल्यास आवृत्ती तीन वापरायची. फायबरच्या प्रकाशाचा आणि पोर्टच्या चुकांचा आकडा महिन्यातून एकदा वहीत लिहायचा. संगणक परिचालकाच्या मागे आधीच कामाचा डोंगर आहे, त्यात ही भर नको असं वाटेल. पण हे महिन्याला पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि नेट नसल्यामुळे खोळंबलेल्या रांगेची बोलणी त्यालाच खावी लागतात.

आणि पुढच्या वेळी नेट गेलं, तर स्विचचं बटण दाबण्याआधी दोन मिनिटं थांबून पडद्यावरच्या शेवटच्या वीस ओळींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला आधी तो दाखवा.